वापरलेली सुई तुमच्या दुकानात कुणाकुणाच्या हाताजवळून जाते?

पत्र: मी सांगलीची. बी.फार्म. तिकडेच केलं, मग इंग्लंडला येऊन इथल्या परीक्षा दिल्या. सध्या लीड्सजवळच्या एका गावात औषधाच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. आमच्या मालकांनी कौन्सिलची सुई-बदल सेवा घ्यायचं ठरवलंय. अमली पदार्थ टोचून घेणारे लोक आमच्याकडून नव्या निर्जंतुक सुया-सिरिंज नेणार आणि वापरलेल्या आणून देणार. पुढच्या महिन्यात सुरुवात आहे. रिस्क असेसमेंट, म्हणजे धोक्याचं मूल्यमापन, मी लिहायची आहे, म्हणजे खरं तर लिहायचीही नाही. मालकांनी दुसऱ्या शाखेचा कागद पाठवलाय आणि 'पत्ता बदल, सही कर' असं सांगितलंय. माझ्यासोबत काउंटरवर तिघी असतात. एक पाच महिन्यांची गरोदर आहे. एक सतरा वर्षांची मुलगी फक्त शनिवारी येते. तिसरी सगळ्यांत जुनी, ती म्हणते, 'तसले लोक' आत आले तर मी दुसऱ्या दिवशी राजीनामा देईन. नवरा म्हणतो, नोकरी बदल. सासूबाई फोनवर म्हणाल्या, आपल्याकडे असलं काही नसतं, तू कशाला त्यात पडतेस. मलाही एचआयव्हीची भीती वाटते, खोटं कशाला सांगू. धोका नक्की किती आहे? सही करू का नको?
— एक फार्मसिस्ट

ताई, नमस्कार.

त्या कागदावर सही करू नका. सेवेला मात्र नाही म्हणू नका.

आधी कागदाचं बोलू. ब्रिटनमध्ये १९९९च्या कामगार आरोग्य-सुरक्षा नियमांनुसार धोक्याचं मूल्यमापन करण्याची जबाबदारी मालकाची असते. पाच किंवा जास्त माणसं कामाला असतील तर त्यातलं महत्त्वाचं लिहून ठेवणंही बंधनकारक आहे. ते काम तो तुमच्यासारख्या जाणत्या माणसाकडे सोपवू शकतो, जबाबदारी सोपवू शकत नाही. आणि मूल्यमापन त्या जागेचं, त्या माणसांचं असायला हवं. दुसऱ्या शाखेत सल्ल्याची खोली दाराजवळ असेल, तुमची मागच्या पॅसेजमधून जावी लागत असेल. तिथं कुणी गरोदर नसेल. पत्ता बदलून हे काही बदलत नाही. मालकांना एवढंच सांगा, की नमुना मी समोर ठेवते, पण आपल्या दुकानाची पाहणी करून नव्यानं लिहिते, त्यासाठी मला दुकानाच्या वेळेत काही तास द्या. ही मागणी वाजवी आहे आणि ती लेखी करा.

आता भीतीचं. तुम्ही ती मोकळेपणानं सांगितलीत हे बरं झालं, कारण न बोललेली भीती पुढे गिऱ्हाइकाशी वागण्यात उतरते.

संसर्ग झालेल्या माणसाच्या रक्तानं माखलेली सुई टोचली तर काय होतं, याचे ठोकताळे इथल्या आरोग्यसेवेत सगळ्यांना पाठ असतात. हेपॅटायटीस बी, आणि तुम्ही लस घेतलेली नाही: तीनांत एक इतका धोका. हेपॅटायटीस सी: तीसांत एक असं वर्षानुवर्षं सांगत आलेत, अलीकडचे अभ्यास त्याहून बराच कमी धरतात. एचआयव्ही: तीनशेत एक. लक्षात घ्या, हे आकडे समोरच्याला संसर्ग आहेच असं धरून आहेत. ब्रिटनमध्ये टोचून घेणाऱ्यांत एचआयव्हीचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. आरोग्यसेवेत काम करताना सुई टोचून एचआयव्ही झाल्याची इथली शेवटची नोंद १९९९ची आहे. म्हणजे ज्याची तुम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती आहे, तो या तिघांत सगळ्यांत दुबळा. ज्याचं नावही तुम्ही पत्रात घेतलं नाहीत तो हेपॅटायटीस बी सगळ्यांत जोरकस. सुकलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस तग धरतो, त्यामुळे 'सुई जुनी दिसते, काही होत नाही' या बोलण्यावर कुणीही विसंबू नये.

आणि नेमकी त्याच्यावरच उत्तम लस आहे. म्हणून तुमच्या मूल्यमापनाची पहिली ओळ ही असू दे: ज्यांचा या सेवेशी संबंध येईल त्या प्रत्येकीला, आणि सफाईला येणाऱ्या माणसालाही, सेवा सुरू होण्याआधी हेपॅटायटीस बीची लस, मालकाच्या खर्चानं. नेहमीचं वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिन्यांचं असतं. पुढच्या महिन्यात सुरुवात असेल तर ते पुरणार नाही. घाईसाठी शून्य, सात आणि एकवीस दिवस, मग बारा महिन्यांनी चौथा डोस, असंही वेळापत्रक आहे. त्याबद्दल व्यवसाय-आरोग्य सेवेशी, म्हणजे कर्मचाऱ्यांचं आरोग्य बघणाऱ्या ऑक्युपेशनल हेल्थशी, बोला. लस पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडं पुरेशी आली का ते बघतात. काहींना लस लागूच पडत नाही, आणि आपण त्यांतले आहोत का हे सुई टोचायच्या आधी माहीत असलेलं बरं. तुम्ही भारतात शिकताना लस घेतली असेल, पण कागद नसेल आणि तपासणी झाली नसेल तर ती गृहीत धरू नका.

यानंतरचं काम खुर्चीत बसून होत नाही. दुकान बंद झाल्यावर तुम्ही आणि तुमच्या तिघी मिळून दाराशी उभ्या राहा आणि वापरलेली सुई आत आल्यापासून कचऱ्याची गाडी ती नेईपर्यंत तिच्या मागोमाग चाला. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न: इथं ती कुणाच्या हाताजवळ येते? तुमच्या सेवेचा सगळा धोका या एका वाटेवर आहे. माणूस आत येऊन पाकीट मागतो आणि नवं बंद पाकीट घेऊन जातो, त्यात तुम्हाला संसर्गाचा धोका शून्य. तो खोकल्याचं औषध घ्यायला आला असता तरी असाच उभा राहिला असता. धोका परतीच्या क्षणाला सुरू होतो.

तो कसा येतो? बहुतेक जण आपण दिलेली लहान पिवळी पेटी बंद करून आणतात. ती पेटी त्यानं स्वतःच्या हातानं मोठ्या पेटीत टाकायची. काउंटरवर ठेवायची नाही, तुमच्या हातात द्यायची नाही. तुम्ही आतून मोठी पेटी पुढे करायची, तो टाकणार, तुम्ही झाकण लावणार. यासाठी मोठ्या पेटीचं तोंड लहान पेटी सहज आत जाईल एवढं हवं. नाहीतर तो ती कोंबत बसेल आणि मदतीला तुमचा हात पुढे जाईल. पेटी मागवतानाच दोन्हींची मापं जुळवून बघा.

काही जण थंड पेयाच्या बाटलीत सुया घालून आणतील, काही प्लास्टिकच्या पिशवीत मोकळ्या. रागावू नका. त्यानं त्या रस्त्यावर न टाकता तुमच्यापर्यंत आणल्या आहेत. बाटली असेल तशी पेटीत. पिशवी असेल तर तीही त्याच्याच हातानं. उघडायची नाही, हलवून बघायची नाही, आणि मोजायची तर मुळीच नाही. किती आणल्या ते त्याला विचारा, तो सांगेल तो आकडा लिहा. तुमच्या जुन्या सहकारी हिशेबाला पक्क्या असतील तर एकास एक मोजण्याचा मोह होईल, म्हणून मुद्दाम सांगते. जितक्या परत तितक्याच नव्या, असा नियम करू नका. इंग्लंडसाठी नाइस या आरोग्यविषयक मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचं सांगणं असं, की परत आणायला प्रोत्साहन द्या, पण परत आणल्या नाहीत म्हणून नव्या नाकारू नका आणि संख्येवर मनमानी मर्यादा घालू नका. सुरक्षेच्या बाजूनंही ते बरोबरच आहे. मोजणं बंधनकारक केलं की कुणीतरी वाकून पेटीत बघणार.

पुढचा थांबा मोठी पेटी. ती जमिनीवर नको, गिऱ्हाइकांची मुलं पोचतील तिथं नको, आणि डोक्याच्या उंचीवरच्या फळीवर तर नकोच. कमरेच्या उंचीला, भक्कम टेकूवर. जोडताना झाकण चारी बाजूंनी बसलं का ते बघायचं. अर्धवट बसलेलं झाकण पेटी उचलताना निसटतं. लेबलवर तारीख आणि जोडणाऱ्याची सही. भरण्याची रेष आली की बंद, मग गाडी उद्या येवो की आठवड्यानं. दाबून जागा करायची नाही. बंद केलेल्या पेट्या कुलपात. आता खरा प्रश्न: गाडी दर महिन्याला येते आणि पेटी दोन आठवड्यांत भरली तर? बहुतेक दुकानांत गडबड इथंच होते. रेषेच्या वर सुया जातात, तोंडातून टोकं दिसायला लागतात. सेवा सुरू होण्याआधी जादा पेट्यांचा साठा आणि हाक मारली की येणारी गाडी, या दोन्ही गोष्टी कंत्राटात लिहून घ्या. कंत्राट कौन्सिलचं असो वा त्यांनी नेमलेल्या व्यसनमुक्ती सेवेचं, कचऱ्याचा खर्च कुणाचा हे त्यात स्पष्ट असायला हवं.

मग विसरले जाणारे लोक. संध्याकाळी येणारी सफाईवाली बहुधा दुसऱ्या कंपनीची असते, तिला या सेवेबद्दल कुणी सांगतच नाही. सल्ल्याच्या खोलीतली कचऱ्याची पिशवी ती दाबून गाठ मारते, पायाला टेकवून बाहेर नेते. त्या पिशवीत एक मोकळी सुई पुरे. तिला सांगा, तिच्या कंपनीला लेखी कळवा, आणि त्या खोलीतून साधी कचऱ्याची बादलीच काढून टाका. तुमच्या सुट्टीच्या दिवशी येणारा बदली फार्मसिस्ट. औषधं घरपोच देणारा ड्रायव्हर, ज्याच्या हातात एखादं गिऱ्हाईक 'हे पण घेऊन जा' म्हणत पिशवी देईल. दुकानाचं स्वच्छतागृह गिऱ्हाइकांना खुलं असेल तर तेही. दाराबाहेरचा कोपराही.

कोपऱ्यात सुई पडलेली दिसली तर पेटी सुईपाशी न्यायची, सुई पेटीपाशी नाही. पेटी शेजारी जमिनीवर ठेवा, दुसऱ्या हातानं धरू नका. चिमट्यानं सिरिंजच्या मागच्या बाजूनं उचला, टोक आपल्यापासून दूर, आणि आत सोडा. टोपण परत लावायला जाऊ नका. हातमोजे घाला, पण साधे रबरी हातमोजे सुई अडवत नाहीत हे सगळ्यांना माहीत असू द्या. दुसऱ्या शाखेच्या त्या नमुन्यात 'उपाय: हातमोजे' एवढंच लिहिलेलं असेल तर तो कागद बाजूला ठेवायला तेवढं कारण पुरेसं आहे. हातमोजे हा शेवटचा उपाय, आणि त्याच्या आधीचे सगळे उपाय वर सांगितले त्या वाटेवरचे आहेत.

एवढं करूनही टोचली तर? भिंतीवर लावायचा कागद मी तुम्हाला तोंडी सांगते, तुम्ही लिहून काढा. जखम वाहत्या पाण्याखाली धरून रक्त हलकेच वाहू द्या, साबणानं धुवा, घासू नका, तोंडानं चोखू नका, जलरोधक पट्टी लावा. लगेच व्यवसाय-आरोग्य सेवेला फोन, ती बंद असेल तर थेट ए अँड ई, म्हणजे रुग्णालयाचा तातडीचा विभाग. दुकान सांभाळायला कोण थांबणार याचा विचार त्या क्षणी करत बसायची वेळ येऊ नये, ते आधीच ठरवा. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं द्यायची का, हे तिथले डॉक्टर ठरवतात. द्यायची ठरली तर जितक्या लवकर तितकं चांगलं, शक्यतो २४ तासांत, आणि ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. कुठून आली ते माहीत नसलेल्या, पडून राहिलेल्या सुईसाठी ती सहसा देत नाहीत. हे आधी माहीत असलं की 'मला औषध का नाकारलं' हा धक्का बसत नाही. हेपॅटायटीस बीसाठी लसीचा जादा डोस, गरज पडल्यास प्रतिपिंडांचं इंजेक्शन. हेपॅटायटीस सीसाठी आधी देण्यासारखं काही नाही, पण पुढच्या रक्ततपासण्यांत तो सापडला तर आज गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात, बहुधा ८ ते १२ आठवड्यांत. घटना अपघात-नोंदवहीत लिहा. सुईवर अशा विषाणूचं रक्त होतं हे माहीत असेल तर सुरक्षा खात्यालाही कळवावं लागतं, ते काम मालकाचं.

गरोदर सहकारीसाठी कायद्यात स्वतंत्र मूल्यमापनाची तरतूद आहे. तिला बाजूला बसवून विचारा, तिच्याविषयी परस्पर ठरवू नका. माझं मत विचाराल तर बाळंत होईपर्यंत परत आलेल्या सुया, पेटी आणि सांडलेलं काही पुसणं यांतून तिला पूर्ण मोकळं ठेवा. नवं पाकीट द्यायला काहीच हरकत नाही, तिची इच्छा असेल तर. धोका असेल तेव्हा गरोदरपणातही ही लस देतात, पण तो निर्णय तिचा आणि तिच्या दाईचा. शनिवारच्या मुलीचं सोपं आहे. अठराच्या आतल्यांसाठी नियम वेगळं मूल्यमापन मागतात, आणि हाताशी दुसरी माणसं असताना तिला या कामात आणायचं कारणच नाही. फक्त दाराबाहेर सुई दिसली तर हात न लावता तुम्हाला हाक मारायची, एवढं तिला शिकवा.

हिंसेचा विचारही करा, पण प्रमाणात. दुकानात आवाज चढतो तो बहुधा वाट बघायला लावलं म्हणून, सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं म्हणून, पाकिटं संपली म्हणून. पाकिटं कधी संपू न देणं हाही सुरक्षेचाच उपाय आहे. सल्ल्याच्या खोलीत तुमची जागा दाराच्या बाजूची ठेवा, धोक्याचं बटण चालतं का ते तपासा, संध्याकाळच्या शेवटच्या तासाला काउंटरवर एकटी कुणी नको. आणि एक धोका आहे तो त्यांचा: एखादा माणूस तुमच्या दुकानातच कोसळू शकतो. श्वास मंदावलेला, ओठ निळे, हाका मारून उठत नाही. हेरॉइनसारख्या पदार्थांचा असर उतरवणारं नॅलोक्सोन हे औषध दुकानात ठेवा, सगळ्यांना शिकवून घ्या. जीव वाचवण्यासाठी ते कुणीही देऊ शकतं. ९९९ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन तरीही करायचाच, कारण नॅलोक्सोनचा असर हेरॉइनच्या आधी उतरू शकतो.

तुमच्या जुन्या सहकारी. त्यांना भाषण देऊ नका. त्या दुकानाच्या फेरीत त्यांना पुढे ठेवा. दार कुठं अडतं, गर्दी कधी होते, पिशव्या कोण उचलतं हे त्यांना तुमच्याहून जास्त माहीत आहे. आणि त्यांना हे विचारून बघा, की तुमच्या गावात टोचून घेणारे लोक आज नाहीत का? आहेत, म्हणून तर कौन्सिल सेवा विकत घेतंय. ते आत्ताही तुमच्या दुकानात पॅरासिटामॉल घ्यायला येत असणार. त्यांच्या सुया आजही कुठंतरी पडताहेत, बागेत, गल्लीत, घरच्या कचऱ्यात. त्यांना पिवळी पेटी कुणी दिलेली नाही, एवढाच आजचा फरक. तरीही तुमच्या या सहकारी बाईंना हे काम नको असेल तर जबरदस्ती करू नका. त्यांच्याकडे दुसरी कामं द्या, पण गिऱ्हाइकाशी तुसडेपणा चालणार नाही हे स्पष्ट सांगा. एकदा अपमान झालेला माणूस परत येत नाही, त्याच्या सुयाही परत येत नाहीत.

ही सेवा का आहे, ते घरच्यांना सांगायचं झालं तर १९८०च्या दशकातलं एडिंबरा सांगा. तिथं सिरिंज मिळणं अवघड करून टाकलं होतं, लोक एकमेकांच्या वापरत होते, आणि एचआयव्ही त्यांच्यात झपाट्यानं पसरला. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये १९८४ साली टोचून घेणाऱ्यांच्या संघटनेनंच सुई-बदल सुरू केला होता. ब्रिटन सरकारनं १९८७ मध्ये प्रायोगिक केंद्रं काढली. आणि हा इतिहास संपलेला नाही. ग्लासगोत २०१५ पासून पुन्हा साथ आली, शंभराहून जास्त लोकांना एचआयव्ही झाला. स्वच्छ सुया आणि हेरॉइनऐवजी दिल्या जाणाऱ्या मेथाडोनसारख्या औषधाचे उपचार दोन्ही मिळाले तर हेपॅटायटीस सीचा धोका सुमारे तीन-चतुर्थांशानं कमी होतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून निघालं आहे. त्यांच्यात संसर्ग कमी, तर तुम्हाला चुकून टोचणाऱ्या सुईतही तो कमी. त्यांची सुरक्षा आणि तुमची, या बाबतीत एकच आहे.

आणि सासूबाईंना आदरानं सांगा, की आपल्याकडेही हे असतं. औषधाच्या दुकानातून नाही, नॅको या सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यक्रमाखाली स्वयंसेवी संस्थांमार्फत चालतं, मुंबईतही चालतं. भारताच्या २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तर धोका कमी करण्यासाठी स्वच्छ सुया देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला त्यासाठी गुन्हेगार ठरवू नये, अशी तरतूद आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो कायदा लागू आहे. त्यांची काळजी तुमच्यासाठी आहे. लस घेतली आणि सुईला हात लावायचाच नाही अशी व्यवस्था केली, हे त्यांना कायद्यापेक्षा जास्त पटेल.

नवऱ्याचं 'नोकरी बदल' मी आत्ता तरी बाजूला ठेवीन. सही करायची ती तुमच्या स्वतःच्या कागदावर, आणि चार अटी पूर्ण झाल्यावर: लसीचे तीन डोस झालेत, पेट्या आणि कचऱ्याची गाडी नक्की झाली आहे, सफाईच्या कंपनीला लेखी कळवलंय, आणि टोचल्यास कुठं जायचं तो फोन नंबर तुम्ही स्वतः लावून बघितलाय. यांतली एकही राहिली असेल तर सुरुवातीची तारीख पुढे ढकलायला सांगा. लसीचं वेळापत्रक हे मालकांसमोर ठेवायला पुरेसं कारण आहे. सुरू झाल्यावर पहिल्या महिन्याच्या शेवटी पुन्हा तीच फेरी मारा, दारापासून कुलपाच्या कपाटापर्यंत, आणि जे कागदावर लिहिलंय तसंच घडतंय का ते पाहा. टोचता टोचता राहिली असे प्रसंगही वहीत लिहायला सगळ्यांना सांगा, कुणाला दोष न देता. कागदात पुढची दुरुस्ती कुठं करायची, ते त्या नोंदींवरूनच कळेल.